दुसऱ्या मजल्यावरचं पोर्ट सतरा

इंदूरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायला संहिता दाभोळे रुजू झाली, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. मूळची सांगलीची, मधली चार वर्षं पुण्यात एका कंपनीत गेली. तिच्या आधीचा माणूस जाताना पासवर्डांचा एक कागद आणि चार मजल्यांवरचे चार स्विच, त्या त्या मजल्याच्या नेटवर्कच्या वायरी जोडणारे डबे, एवढंच मागे ठेवून गेला होता. कुठली वायर कुठल्या खोलीत जाते याचा नकाशा नव्हता. विचारलं की उत्तर यायचं, "चल तो रहा है ना, मैडम."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. आयसीयूतला सेंट्रल मॉनिटर पुन्हा अडकला होता.

सेंट्रल मॉनिटर म्हणजे नर्सच्या टेबलावरची मोठी स्क्रीन. दहा खाटांपाशी दहा लहान मॉनिटर असतात. त्या सगळ्यांच्या हिरव्या-पिवळ्या रेघा नेटवर्कवरून येऊन या एका स्क्रीनवर दिसतात, आणि कुठल्याही खाटेवर काही बिघडलं की इथे मोठा अलार्म वाजतो. संहिता वर पोचली तेव्हा स्क्रीन व्यवस्थित चालू होती.

"आता चालणारच," टेबलाशी बसलेली सिस्टर म्हणाली. "तुम्ही जिना चढून येईपर्यंत ते आपोआप बरं होतं. कंपनीवाले आले तरी असंच. ते म्हणतात नेटवर्क खराब, तुमच्या पहिलेचे साहेब म्हणायचे मशीन खराब. मी मधल्या मधे पिसून राहिलेय."

ती शारदा पागनीस. वय सत्तावन्न, आयसीयूची इनचार्ज. छत्रीबागेतल्या गल्लीत तीन पिढ्यांचं घर. आजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. तिने खणातून एक शंभरपानी वही काढून संहितापुढे ठेवली. जानेवारीपासूनच्या नोंदी होत्या. तारीख, स्क्रीन अडकल्याची वेळ, सुटल्याची वेळ. कधी दीड मिनिट, कधी तीन. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं.

"मॅन्युअली लिहिलंत सगळं?"

"मग काय! तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही."

मार्चमधल्या एका नोंदीखाली पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. रंगपंचमी, बारा एकवीस ते बारा चोवीस. संहिताने त्यावर बोट ठेवलं. शारदा सांगू लागली.

रंगपंचमीला शहरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, राजवाड्याकडचे सगळे रस्ते रंगाने आणि माणसांनी भरून जातात. त्या दिवशी दोन सिस्टर गर्दीत अडकल्या आणि वेळेवर पोचल्याच नाहीत. आयसीयूत शारदा आणि एक नवीन मुलगी, दोघीच. ती मुलगी रक्ताचे नमुने घेऊन खाली गेली होती. शारदा नऊ नंबरच्या पेशंटचा कफ काढत होती, काचेच्या दरवाज्यामागे, पडदा ओढून. तेवढ्यात चार नंबरच्या आजोबांचे ठोके घसरले. त्यांच्या उशाशी असलेला मॉनिटर बारीक आवाजात वाजत राहिला. मोठा अलार्म वाजलाच नाही. शारदा बाहेर आली तेव्हा स्क्रीनवर आजोबांची रेघ छान नियमित ठोक्यांची होती, अगदी तब्येत ठणठणीत असल्यासारखी. फक्त ती हलत नव्हती.

"ती हलत नाही हे मला दिसलं म्हणून मी पळाले. नाहीतर... वाचले आजोबा. पण अकरा दिवस व्हेंटिलेटरवर काढले. आता बोलताना शब्द अडकतात त्यांचे. मुलीने कंप्लेंट केली, बरोबरच केली. इन्क्वायरी बसली. इन्क्वायरीत निघालं की मशीनमध्ये दोष नाही, नेटवर्कमध्ये दोष नाही. मग उरलं कोण?"

तिने वहीच्या मागच्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला. कर्तव्यात हलगर्जीपणा. लेखी ताकीद. पुढच्या मार्चमध्ये ती रिटायर होणार होती.

"मला दया नको," शारदा म्हणाली. "अलार्म का नाही वाजला, तेवढं शोधून द्या."

संहिताने वहीच्या पानांचे फोटो काढले. खाली जाऊन ती दुपारभर त्या वेळांकडे बघत बसली. रोज नाही, ठरावीक वेळी नाही, पण बहुतेक सकाळी दहा ते दुपारी एकच्या मधे. रविवारी जवळजवळ कधीच नाही. वायर सैल असती तर रविवारीही सुटली असती. हे कुणीतरी कामाच्या वेळेत करत होतं. जाणून की नकळत, ते ठाऊक नव्हतं.

तिला एक शंका होती. नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र अधूनमधून सगळ्यांना ओरडून सांगतं की अमुक पत्ता माझा आहे, त्या पत्त्यावरचा माल माझ्याकडे पाठवा. या ओरडण्याला एआरपी म्हणतात. बाकीची यंत्रं ते ऐकतात आणि विश्वास ठेवतात. खरं की खोटं, कोणी विचारत नाही. सेंट्रल मॉनिटरचा पत्ता चाळीस नंबरचा. दुसऱ्या कुणी "चाळीस मी आहे" असं ओरडलं, तर दहाही खाटांच्या रेघा गुपचूप तिकडे वळतील आणि टेबलावरची स्क्रीन शेवटचं चित्र धरून उभी राहील. दोन-तीन मिनिटांनी खरा चाळीस पुन्हा ओरडेल आणि सगळं सुरळीत होईल. जिना चढून येईपर्यंत.

स्विचला ही ओरड तपासायला लावता येतं. त्याच्याजवळ एक यादी द्यायची, कुठल्या यंत्राचा कुठला पत्ता. यादीत न बसणारी ओरड तो तिथेच अडवतो आणि लॉगमध्ये एक ओळ लिहितो: कधी, कुठल्या पोर्टवरून (म्हणजे स्विचच्या कुठल्या खाचेतून), कुठल्या यंत्राने, कुठल्या पत्त्यावर हक्क सांगितला. एआरपी इन्स्पेक्शन. या स्विचमध्ये ती सोय पहिल्या दिवसापासून होती, कोणी चालूच केली नव्हती.

मंगळवारी तिने आणि शारदाने दहा खाटांपाशी उभं राहून एकेका मॉनिटरचा क्रमांक आणि पत्ता उतरवला. बुधवारी सकाळी अकराला, दोन सिस्टर खाटांजवळ उभ्या असताना, संहिताने तिसऱ्या मजल्याच्या स्विचवर तपासणी चालू केली.

पाच सेकंदांत सहा नंबरची रेघ स्क्रीनवरून गेली.

"सहा!" शारदा ओरडली आणि त्या खाटेपाशी जाऊन उभीही राहिली. संहिताने लगेच तपासणी बंद केली. पेशंटला काही झालं नव्हतं. तो झोपला होता. लॉगमध्ये स्विचने इमानदारीने लिहिलं होतं: पोर्ट सहा, यादीत नाही, नाकारलं. आदल्या संध्याकाळी सहा नंबरचा मॉनिटर बदलला होता आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

तासाभरात प्रशासक सुधाकर मुळ्ये यांनी तिला बोलावलं. मुळ्ये शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

"मॅडम, आयसीयूमध्ये प्रयोग? आधीच एक झमेला निस्तरून राहिलोय मी. बंद करा ते इन्स्पेक्शन का काय आहे ते."

"सर, बंदच आहे. पण ते ज्याला पकडायला लावलं होतं तो अजून मोकळा आहे. तो परत येणार. मला पुढच्या शनिवारपर्यंत वेळ द्या."

"आणि परत एखादी रेघ गेली तर?"

"यादी मी स्वतः, प्रत्येक यंत्राशी जाऊन, दोनदा तपासून घेईन. चालू करताना प्रत्येक खाटेशी एक माणूस उभा असेल. तरी गेली, तर माझा राजीनामा घ्या."

मुळ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "राजीनाम्याने माणूस वाचत नाही. शनिवारपर्यंत. लेखी द्या."

तिने लेखी दिलं.

दुसऱ्यांदा चालू केली तेव्हा दहाही रेघा जागेवर राहिल्या. मग दुसरी अडचण निघाली. लॉगमध्ये तारीख होती एक मार्च एकोणीसशे त्र्याण्णव. स्विचच्या घड्याळाला कधी कोणी वेळच सांगितली नव्हती. शारदाला हसू आलं. "त्र्याण्णवमध्ये मी नवीन लागले होते. तेव्हा तर कॉम्प्युटरच नव्हता इथे." संहिताने चारही स्विचची घड्याळं एका जागेवरून लावून घेतली आणि शारदाच्या मनगटावरच्या घड्याळाशी सेकंदावर जुळवली. स्विचच्या आठवणीत बत्तीसच ओळी मावत होत्या, तेहतिसावी आली की पहिली पुसायची. तिने अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर पुसून चालू केला आणि प्रत्येक ओळ तिथे जमा होईल अशी व्यवस्था केली. आता काही हरवणार नव्हतं.

शुक्रवारी साडेदहाला स्क्रीन अडकली. शनिवारी दोनदा. शारदाने वहीत तीन नोंदी केल्या. संहिताने लॉग उघडला.

एकही ओळ नव्हती.

ती वर गेली. शारदाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मतलब माझी वही खोटी?"

"नाही, सिस्टर. वही खरी आहे. माझंच कुठेतरी चुकतंय."

रविवार तिने खोलीवर त्याच विचारात घालवला. दुपारी कपडे वाळत घालताना तिच्या एकदम लक्षात आलं आणि ती ओली चादर बादलीत टाकून लॅपटॉपकडे गेली. तिसऱ्या मजल्याच्या स्विचला बाकी इमारतीशी जोडणारी एक जाड वायर होती. ते पोर्ट तिने स्वतःच्या हाताने "विश्वासाचं" म्हणून नोंदवलं होतं. पुस्तकात तसंच सांगतात. विश्वासाच्या पोर्टवरून आलेलं काहीच स्विच तपासत नाही. खोटी ओरड आयसीयूतून उठतच नव्हती. ती दुसऱ्या कुठल्यातरी मजल्यावरून त्याच जाड वायरीने निवांत वर येत होती. सगळी इमारत एकाच नेटवर्कवर होती, चार मजल्यांची मिळून एकच गल्ली. तिने पहारा बसवला होता तो दहा खाटांवर, आणि मोठं फाटक सताड उघडं होतं.

म्हणजे चारही मजल्यांवर तपासणी चालू करायला हवी. म्हणजे चारही मजल्यांवरच्या प्रत्येक यंत्राची यादी हवी.

सोमवारी ती रघुवीर चौधरींकडे गेली. यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे. गौतमपुऱ्याचे, बावीस वर्षं याच हॉस्पिटलात. सगळे त्यांना रघुवीर भिया म्हणत, इंदूरकडचं 'भैया'. त्यांनी एक यादी काढून दिली. "सब है इसमें मैडम. आप फालतू में मत घूमो."

यादी तीन वर्षांपूर्वीची होती. सहा नंबरचा मॉनिटर त्यात नव्हताच. संहिताने आभार मानले आणि ती फिरायला निघाली.

शारदाची ड्यूटी दोनला संपायची. सोमवारी ती पर्स खांद्याला लावून घरी जायच्या ऐवजी संहिताच्या टेबलाशी आली. "चला. मला माहीत आहे कुठल्या खोलीत काय आहे. तुम्हाला कोणी आत पण नाही येऊ द्यायचं."

ते खरं होतं. शारदा दिसली की ऑपरेशन थिएटरचं दार उघडत होतं, लॅबमधला माणूस खुर्ची सोडत होता, एक्सरेवाला मशीन मागून सरकवून त्यामागची चिठ्ठी वाचून दाखवत होता. सोमवार, मंगळवार, बुधवार. दुपारी दोन ते साडेपाच. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि मागच्या जिन्यात पंखा नाही. शारदाचे गुडघे दुखत होते, पण लिफ्टपाशी थांबण्यात वेळ जातो म्हणून ती कठड्याला धरून चढत होती. संहिता वाकून, कधी जमिनीवर आडवी होऊन क्रमांक वाचायची आणि शारदा लिहायची. एकसष्ट यंत्रं निघाली. साठ त्यांनी चालू करून, स्क्रीनवर पाहून लिहिली. एक इको मशीन, हृदयाची सोनोग्राफी करणारं, त्या वेळी कुलपात होतं. त्याच्या पाठीवर रघुवीर भियांच्या हाताने लिहिलेलं स्टिकर काचेतून दिसत होतं. पत्ता एकशे चाळीस. संहिताने तो लिहिला आणि शेजारी कंसात लिहिलं, "स्टिकरवरून."

गुरुवारी सकाळी नऊला चारही मजल्यांवर तपासणी चालू झाली. प्रत्येक खाटेशी माणूस होता. एकही रेघ गेली नाही. मुळ्ये स्वतः आयसीयूच्या दारात दहा मिनिटं उभे राहिले आणि परत गेले.

संहिता लॉगसमोर बसली. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी दोन ओळी आल्या. कुणाचातरी मोबाइल, पत्ता हाताने घातलेला आणि यादीत नसलेला. ती उठली, फोनवाल्याला शोधलं, यादी दुरुस्त केली, परत बसली. चहा आला आणि गार झाला.

दहा बावन्नला तीन ओळी एकापाठोपाठ आल्या. दुसरा मजला. पोर्ट सतरा. नाकारलं. हक्क सांगितलेला पत्ता: चाळीस.

तिने आयसीयूचा फोन लावला. "सिस्टर, स्क्रीन बघा. आत्ता."

"बघतेच आहे."

"रेघा हलतायत?"

"दहाच्या दहा. का गं?"

"तो आला होता आत्ता. आणि पहिल्यांदाच त्याला दारातून परत पाठवलंय."

दुसऱ्या मजल्याच्या स्विचवर पोर्ट सतराच्या वायरीला चिठ्ठी होती: पँट्री. पँट्री तिथून हलून वर्ष झालं होतं. संहिता वायर हाताने धरून छताच्या पट्टीखालून चालत गेली. वायर भिंतीत शिरली त्या खोलीच्या दारावर पाटी होती, इको.

आत शरद बसला होता, इको तंत्रज्ञ. तिला पाहून तो म्हणाला, "मॅडम, बरं झालं आलात. मी फोनच करत होतो. आज इमेज सर्व्हरवर जातच नाहीयेत."

"मशीन चालू केलंत तेव्हा काही मेसेज आला का?"

"तो डब्बा? तो तर नेहमीच येतो. ओके दाबलं की जातो."

"काय लिहिलेलं असतं त्यात?"

शरदने डोकं खाजवलं. "वाचलं नाही कधी."

त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. बारीक अक्षरांचा चौकोन आला: हा पत्ता नेटवर्कवर दुसऱ्या यंत्राकडे आहे. संहिताने सेटिंग उघडलं. पाठीवरच्या स्टिकरवर एकशे चाळीस होतं. आत नुसतं चाळीस. एक आकडा राहिला होता, टाइप करताना सुटलेला एक.

"हे मशीन कधी दुरुस्तीला गेलं होतं?"

"डिसेंबरमध्ये. जानेवारीच्या सुरुवातीला परत आलं. तेव्हा रघुवीर भियांनीच सेट करून दिलं."

संहिताने तो आकडा लगेच दुरुस्त केला नाही. आधी फोनवर त्याचा फोटो काढला. मग शरदला विचारलं, या मशीनमध्ये जुन्या तपासण्यांची यादी राहते का? राहत होती. प्रत्येक पेशंटची तारीख, मशीन चालू केल्याची वेळ, सगळं. मशीन एका वॉर्डातून दुसरीकडे ढकलत नेताना बंद करावं लागायचं, आणि परत आणून प्लग लावला की ते पुन्हा चालू व्हायचं. प्रत्येक वेळी पुन्हा ओरडायचं.

शारदाने आयसीयू दुसऱ्या सिस्टरकडे सोपवलं आणि वही घेऊन खाली आली. शरद मशीनवरून वेळ वाचत होता, शारदा वहीतून. चार जानेवारी, अकरा पाच. अकरा सहा. सात जानेवारी, दहा चाळीस. दहा चाळीस. शरदचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. वहीत एक्केचाळीस नोंदी होत्या. अडतीस जुळल्या. तीन जुळल्या नाहीत. त्यांतल्या दोन वेळी वीज गेली होती, तिसरीचं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही.

रंगपंचमीला ओपीडी बंद होती. त्या दिवशी मशीनवर एकच तपासणी. चालू केल्याची वेळ, बारा वीस.

शारदाने वही मांडीवर ठेवली.

"कोणाची इको होती ती?" तिने विचारलं.

शरदने पाहिलं. "दोनशे चारमधल्या एका आजींची. धाप लागली होती त्यांना."

"बऱ्या आहेत?"

"हो. तिसऱ्या दिवशी घरी गेल्या."

"चांगलं झालं," शारदा म्हणाली, आणि मग पदराने चेहरा झाकून दोन मिनिटं तशीच बसली. संहिता तिच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. शरद मशीनकडे तोंड करून बसला होता.

रघुवीर भिया आले तेव्हा संहिताने त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं स्टिकर आणि सेटिंग दाखवलं. त्यांनी दोन्ही पाहिलं. पुन्हा पाहिलं. इन्क्वायरीच्या कागदावर "उपकरणांत दोष आढळला नाही" या वाक्याखाली सही त्यांची होती.

"ये तो मैंने ही डाला था," ते म्हणाले. मग संहिताला बाजूला घेऊन हलक्या आवाजात, "मैडम, रिपोर्ट में लिख दो ना, सेटिंग गलत पाई गई. नाम की क्या ज़रूरत?"

"भिया, तुमचं नाव मी लिहिणार नाही. तारीख लिहीन, वेळ लिहीन, कुठलं मशीन ते लिहीन. आणि सिस्टरचा काही दोष नव्हता, हेही. बाकी तुम्ही ठरवा."

शनिवारी सकाळी मुळ्यांच्या केबिनमध्ये चौघं बसली. संहिताने सात पानं पुढे ठेवली. लॉगच्या ओळी, मशीनची यादी, वहीची पानं, शेजारी शेजारी. मुळ्यांनी सगळं वाचलं. एका ठिकाणी प्रश्न विचारला, तो चांगला प्रश्न होता, आणि संहिताने उत्तर दिलं.

"उत्तम काम," ते म्हणाले. "आपण लिहू, नेटवर्कमधली तांत्रिक त्रुटी शोधून दूर केली. विषय संपला."

"आणि ताकीद?" संहिताने विचारलं.

"ते वेगळं प्रकरण आहे. इन्क्वायरी पूर्ण झालेली आहे. फाइल बंद आहे."

"मग उघडा," शारदा म्हणाली.

मुळ्यांनी वर पाहिलं. ती नेहमी त्यांच्याशी "सर" म्हणून बोलायची.

"पस्तीस वर्षं झाली मला. कधी चुकले नाही असं नाही म्हणत मी. चुकले तेव्हा सही केली आहे. ही चूक माझी नव्हती, सर. हा कागद घेऊन मी रिटायर नाही होणार."

"शारदाजी, समजा मी फाइल उघडली, तर विचारतील की मग जबाबदार कोण. मी काय सांगू?"

रघुवीर भिया खुर्चीत पुढे सरकले. मघापासून ते हातातला रुमाल पिळत होते. "मेरा नाम बता दीजिए सर. नंबर मैंने डाला था, एक अंक छूट गया. और इन्क्वायरी में मैंने मशीनें देखी ही नहीं, बस साइन कर दिया. मैं लिखके देता हूँ."

ते शारदाकडे मात्र पाहू शकले नाहीत. तिने त्यांना माफ केलं की नाही, ते संहिताला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही तिने विचारलं नाही.

बारा दिवसांनी पत्र आलं. अमुक तारखेची लेखी ताकीद मागे घेण्यात येत आहे. दीड ओळ, खेद वगैरे काही नाही. शारदाने ते वाचून फाइलमध्ये लावायला दिलं, झेरॉक्स स्वतःकडे ठेवली, आणि म्हणाली, "आता आजोबांच्या मुलीला कोण सांगणार?"

मुळ्यांना ते नको होतं. वकिलांना विचारावं लागेल म्हणाले. शारदा रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहून विचारायची, "विचारलं का सर?" संहिताही तिच्याबरोबर उभी राहू लागली. नवव्या दिवशी त्यांनी फोन उचलला.

आजोबांची मुलगी ऋजुता सिमरोलजवळच्या एका शाळेत शिकवायची. ती आली, मुळ्यांसमोर बसली आणि संहिताने तिला सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. ती रागावली. आवाज चढवून नाही. पण प्रत्येक प्रश्न टोचणारा होता. जानेवारीपासून माहीत होतं? एक्केचाळीस वेळा? मग कोणी का नाही शोधलं? मुळ्यांनी सबबी सांगितल्या नाहीत, शोधायला हवं होतं एवढंच म्हणाले.

जाताना ती जिन्यापाशी थांबली. "मी कंप्लेंटमध्ये तुमचं नाव लिहिलं होतं," ती शारदाला म्हणाली.

"मीही लिहिलं असतं. माझे वडील असते तर."

"बाबांना रोज व्यायाम करायला सांगितलंय बोलण्याचा. करत नाहीत. चिडतात."

"मी येऊ का एकदा? माझं ऐकतील. आयसीयूत पण ऐकायचे."

"रविवारी या," ऋजुता म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सोमवारी मुळ्यांनी संहिताला बोलावलं. आयसीयूचं नेटवर्क बाकी इमारतीपासून वेगळं काढायला काय लागेल, असा त्यांचा प्रश्न होता. तिने यादी आधीच करून ठेवली होती, ती दिली. मग ती आपल्या टेबलाशी आली, लॉग उघडला आणि रात्रभरात आलेल्या सात ओळी पहिल्यापासून वाचायला बसली.